खरा किती, नवा किती?

आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर मी अल्सासमधल्या ओ-केनिग्सबूर किल्ल्याचे फोटो टाकले, तेव्हा नेहमीप्रमाणे अंगठे आणि टाळ्या आल्या. प्रश्न एकानेच विचारला. शाळेतही तो शेवटच्या बाकावरून असेच प्रश्न विचारायचा आणि सर खडू खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. "एवढा चकाचक किल्ला? यातला खरा किती आणि नवा किती?" याचे उत्तर गटावर दोन ओळींत देण्यासारखे नव्हते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा ठरवले की ते इथेच सविस्तर द्यावे. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. जुनी भिंत दिसली की तिचा चुना आधी बघायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेव्हा हा लेख इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही, इतिहासाची आवड असलेल्या एका इंजिनिअरचा आहे, असे समजून वाचावा.

आधी जागा सांगतो. अल्सास हा फ्रान्सचा अगदी पूर्वेकडचा पट्टा. एका बाजूला ऱ्हाईन नदी, दुसऱ्या बाजूला व्होज पर्वताची रांग आणि मध्ये सपाट, सुपीक मैदान. मुलगी नोकरीसाठी स्ट्रासबुर्गला असते. तिथून दक्षिणेकडे निघालेली गाडी अर्ध्या तासाच्या आत सेलेस्टा या छोट्या गावात पोचते. डावीकडे, नदीपलीकडे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर दिसतात, तर उजवीकडे पायथ्याशी द्राक्षांचे मळे, त्यावर दाट झाडी आणि झाडीच्या वर, डोंगराच्या माथ्यावर, तांबूस दगडाचा तो किल्ला. मैलोगणती अंतरावरून तो दिसतो. दिसावा म्हणूनच तो तसा बांधला आहे, पण ते पुढे येईल.

किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ७५७ मीटर. आपला रायगड याहून थोडा उंच, ८२० मीटरच्या आसपास. फरक इतकाच की नववीच्या सहलीत आपण चित्त दरवाजाकडून धापा टाकत चढलो होतो आणि इथे बस थेट दरवाजाशी नेऊन सोडते. गुडघ्यांनी आभार मानले. जर्मनमध्ये या किल्ल्याला होहकोनिग्सबुर्ग म्हणतात. 'कोनिग' म्हणजे राजा, 'बुर्ग' म्हणजे गड. थोडक्यात, हा तिकडचा राजगड.

त्याचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा आहे आणि तो वाचून माझ्यातला सरकारी नोकर सुखावला, कारण तो उल्लेख अतिक्रमणाच्या तक्रारीचा आहे! हा डोंगर एका मठाच्या मालकीचा होता. होहेनश्टाउफेन या बलाढ्य जर्मन घराण्याने त्यावर बिनदिक्कत किल्ला उभारला. साधूंनी फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याकडे गाऱ्हाणे नेले. बांधकाम अर्थातच पाडले गेले नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही अनधिकृत बांधकामांचे असेच होत असे.

तेराव्या शतकात किल्ला लोरेनच्या सरदारांकडे गेला. पुढे पंधराव्या शतकापर्यंत त्याची अवस्था वाईट झाली. वाटमारी करणारे सरदार तिथे दबा धरून बसत आणि खालच्या रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना लुटत. १४६२ मध्ये कोलमार, स्ट्रासबुर्ग आणि बाझेल या शहरांनी एकजूट करून किल्ल्यावर चाल केली आणि तो जाळला. राजेरजवाड्यांनी नव्हे, तर व्यापारी शहरांनी एकत्र येऊन किल्ला जाळावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्याकडे असे उदाहरण मला आठवत नाही.

यानंतरचा टप्पा मात्र इंजिनिअरने थांबून पाहावा असा. १४७९ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक याने हा किल्ला थियरस्टाइन घराण्याला दिला आणि त्यांनी तो तोफांचा विचार करून नव्याने बांधला. तोफ येण्याआधी किल्ल्याचे बळ उंचीत असे. बुरूज जितका उंच तितके शत्रूवर नेम धरणे सोपे. तोफ आली आणि तोच उंच, सडपातळ बुरूज तोफगोळ्याचे सोपे निशाण झाला. मग भिंती रुंद, बुटक्या आणि गोलसर होऊ लागल्या. इथे पश्चिमेच्या अंगाला डोंगराची धार किल्ल्याला येऊन मिळते, म्हणजे शत्रूला तोफा आणायला तीच बाजू सोयीची. म्हणून थियरस्टाइनांनी सगळा जोर त्या बाजूला लावला. दोन प्रचंड गोल बुरूज, त्यांना जोडणारी जाडजूड भिंत आणि आत तोफांच्या जागा. बाकीच्या बाजूंना उतार आणि झाडी आहे, तिथे भिंती त्या मानाने हलक्या. आपल्या सह्याद्रीत हे काम कडेच करून टाकतात. रायगडाच्या टकमक टोकाकडून कोण तोफ चढवणार? तिकडच्या डोंगरांना असे तुटलेले कडे नाहीत, म्हणून जे आपल्याला निसर्गाने फुकट दिले ते त्यांना दगडात उभारावे लागले. हा फरक तिथे उभे राहिल्यावर जितका कळतो तितका पुस्तकातून कळत नाही.

एवढे करूनही थियरस्टाइनांना त्याचा फार उपभोग मिळाला नाही. १५१७ मध्ये त्यांचा वंश खुंटला आणि किल्ला हॅब्सबर्ग सम्राटांकडे परतला. पुढे तो कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे राहिला. सम्राटांकडे दुरुस्तीला पैसे नसत आणि ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांना खर्च करायची इच्छा नसे. हेही ओळखीचेच. १६३३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश सैन्याने त्याला वेढा घातला. बावन्न दिवस किल्ला लढला. मग पडला, जळाला आणि ओसाड झाला. छपरे कोसळली, झाडे भिंतींतून वर आली, आणि पुढची अडीचशे वर्षे तो तसाच पडून राहिला. एकोणिसाव्या शतकात कवी आणि चित्रकारांना भग्न अवशेषांचे वेड लागले तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लोकांचे पाय वळले. १८६२ मध्ये फ्रेंच सरकारने त्या अवशेषांची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली आणि १८६५ मध्ये सेलेस्टा गावाने ते विकत घेतले.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही किल्ल्याची असावी तशी आहे. इथून पुढे ती या किल्ल्याचीच होते.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि अल्सास व लोरेनचा काही भाग नव्या जर्मन साम्राज्यात गेला. आपल्याकडच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून आल्फोन्स दोदे यांची 'द लास्ट लेसन' ही कथा पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली आहे. शाळेतला फ्रेंच भाषेचा शेवटचा तास, म्हातारे शिक्षक हामेल आणि अभ्यास न केलेला छोटा मुलगा. ती कथा याच प्रांतातली आणि याच काळातली. माझ्या नातीला बारावीला ती होती. पण एक गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. त्या काळी अल्सासच्या खेड्यापाड्यांत बहुतेक घरांत फ्रेंच बोलली जातच नसे. घरात बोलली जायची ती अल्सासी, म्हणजे जर्मन कुळातली एक बोली. हामेल सर ज्या भाषेसाठी गहिवरले, ती त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची शाळेतली भाषा असणार, आईची नव्हे. म्हणून ती कथा खोटी ठरत नाही. लोकांना आपले राज्य कोणते वाटावे हे घरातल्या भाषेवरून ठरतेच असे नाही, आणि अल्सासमधल्या कित्येकांना आपण फ्रेंच आहोत असेच वाटत होते. पण दोदे यांनी गोष्टीची एक बाजू उजेडात ठेवली आणि दुसरी सावलीत, हेही तितकेच खरे.

त्या सावलीतल्या बाजूचे दगडी रूप म्हणजे हा किल्ला.

१८९९ मध्ये सेलेस्टा गावाने अवशेषांसह हा डोंगर जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म, म्हणजे आपल्या पुस्तकातला 'कैसर', याला भेट देऊन टाकला. गावाला देखभालीचा खर्च झेपत नव्हता. ज्याची देखभाल परवडत नाही ते मोठ्या माणसाला भेट द्यावे, ही युक्ती मला शहाणपणाची वाटली. कैसरला तर हेच हवे होते. त्याच्या साम्राज्याच्या पूर्व टोकाला मारिएनबुर्गचा मध्ययुगीन किल्ला होता आणि त्याचा जीर्णोद्धार आधीच चालू होता. पश्चिम टोकाला तोलामोलाचा दुसरा किल्ला उभा राहिला की साम्राज्याला दोन्हीकडून मोहर लागल्यासारखे झाले. शिवाय ज्या होहेनश्टाउफेन आणि हॅब्सबर्ग सम्राटांच्या हाती एकेकाळी हा डोंगर होता, त्यांच्या रांगेत होहेनझोलर्न घराण्याच्या विल्हेल्मला आपले नाव बसवता येत होते. अल्सासला फक्त जिंकून भागणार नव्हते. ते मुळातच आपले होते, असे दाखवायचे होते. भाषणाने हे दाखवता येत नाही, दगडाने येते.

काम बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाकडे आले. तेव्हा तो पस्तिशीच्या आतबाहेरचा होता आणि किल्ल्यांचे त्याला अक्षरशः वेड होते. जर्मनीतल्या किल्ल्यांच्या जपणुकीसाठी त्याने १८९९ मध्ये एक संस्थाही काढली होती. त्याच्याबद्दल पुढे जे काही बरेवाईट बोलले गेले ते बाजूला ठेवून एक कबूल केले पाहिजे, की माणूस पद्धतीने काम करणारा होता. आधी त्याने मलबा उपसला, खणून पाहिले, मोजमापे घेतली, नकाशे केले, फोटो काढले. सोळाव्या शतकातल्या मालमत्तेच्या याद्या धुंडाळल्या. कुठल्या दालनात काय होते हे त्या याद्यांवरून कळते. आजूबाजूच्या प्रदेशातल्या त्याच काळच्या किल्ल्यांशी ताडून पाहिले. मग १९०० ते १९०८ अशी आठ वर्षे बांधकाम चालले. खाणीतून दगड आणायला छोटे वाफेचे इंजिन आणि रूळ, विजेवर चालणारी क्रेन, वीज तयार करायला वाफेचेच यंत्र! मध्ययुगीन किल्ला उभारायला त्या काळची सगळ्यात आधुनिक यंत्रे त्या डोंगरावर चढवली होती. किल्ल्यातल्या माहितीफलकांवर तेव्हाचे फोटो आहेत. बाकीचे लोक तलवारी आणि चिलखतांपुढे गर्दी करत होते, मी त्या क्रेनपुढे अर्धा तास उभा होतो. पत्नीने शेवटी हाताला धरून पुढे नेले.

आणि एक गोष्ट ज्यासाठी मी एबहार्टला मनोमन सलाम केला. नव्याने घडवलेल्या चिऱ्यांवर त्याने खुणा कोरायला लावल्या, म्हणजे पुढे कुणाला जुना दगड कोणता आणि नवा कोणता हे ओळखता यावे. कामाची नोंद कामावरच कोरून ठेवलेली. आमच्या मोजमाप पुस्तकांना वाळवी लागायची, याचे पुस्तक अजून उघडे आहे.

मग वाद कशावर झाला? झाला तो वरच्या भागावर. भिंती बऱ्याच उंचीपर्यंत उभ्या होत्या, त्यामुळे त्यांचा आकार पुराव्याने ठरत होता. पण छपरे, मनोरे आणि मुख्य बुरुजाचा वरचा भाग यांचे काहीच शिल्लक नव्हते. तो बुरूज नेमका कसा होता, केवढा उंच होता, यावरून एबहार्टवर टीका झाली. ओटो पायपर हा किल्ल्यांचा मोठा अभ्यासक टीकाकारांत होता. आज जो उंच, उतरत्या छपराचा बुरूज मैदानातून मैलोगणती अंतरावरून दिसतो, त्यात पुराव्यापेक्षा कैसरच्या इच्छेचा वाटा जास्त असावा असे माझे मत झाले. तोफांच्या काळात उंच बुरूज धोक्याचा असतो हे आपण वर पाहिलेच. १९०८ मध्ये मात्र त्याला तोफांशी सामना करायचा नव्हता, त्याला फक्त दिसायचे होते.

अशा कामाबद्दल युरोपात दोन टोकाची मते तेव्हाही होती. फ्रान्समध्ये व्हिओले-ले-द्यूक या वास्तुविशारदाने कारकासॉन आणि पिएरफॉन इथे जवळपास हेच केले होते. जीर्णोद्धार म्हणजे वास्तू तिच्या परिपूर्ण रूपात आणणे, मग ते रूप पूर्वी कधी एका वेळी अस्तित्वात असो वा नसो, असे त्याचे म्हणणे. उलट इंग्लंडमधला जॉन रस्किन म्हणायचा की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा संपूर्ण नाश, तिला जपा, पण मेलेल्याला उठवू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नवे काम नवे म्हणून ओळखू यावे. यातली दुसरी अट एबहार्टने साठ वर्षे आधीच पाळली होती. पहिली मात्र त्याने पाळली नाही.

खर्च वीस लाख मार्कांच्या पुढे गेला, आणि त्यातला मोठा वाटा अल्सास-लोरेनच्याच तिजोरीतून आला. म्हणजे ज्यांना 'तुम्ही आमचेच' असे सांगायचे, त्यांच्याकडूनच ते सांगण्याचा खर्च घ्यायचा. लोक कुरकुरले यात नवल नाही. कोलमारचा चित्रकार हान्सी याने व्यंगचित्रांतून या सगळ्या थाटाची यथेच्छ टर उडवली. जर्मन अधिकाऱ्यांची टिंगल केल्याबद्दल पुढे १९१४ मध्ये त्याला एका वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा तो फ्रान्समध्ये निसटला.

१३ मे १९०८ रोजी उद्घाटन झाले. मध्ययुगीन पोशाखातली मिरवणूक, घोडे, निशाणे, कर्णे आणि वरून धो धो पाऊस. कैसर, दरबारी, सरदारांच्या वेषातले लोक, सगळे चिंब. हान्सीला आणखी काय हवे होते!

आतला फेरफटका मारताना स्वयंपाकघर, विहीर, शस्त्रागार हे सगळे छान आहे, पण माझ्या मनात राहिले ते कैसरचे दालन. मध्ययुगात तिथे एकावर एक मजले होते. मेजवान्यांना साजेसे भव्य दालन हवे म्हणून ते उंच केले गेले. भिंती आणि छत स्ट्रासबुर्गचा चित्रकार लेओ श्नुग याने रंगवले. छतावर पंख पसरलेला प्रचंड गरुड. त्या दालनातली कैसरची हौस बघून हसू येते. पण शेकोटीपुढच्या लोखंडी जाळीवर जर्मनमध्ये एक वाक्य आहे : "मला हे नको होते." हे १९१८ सालचे आहे, महायुद्धाबद्दलचे, खुद्द कैसरचे. एप्रिल १९१८ मध्ये तो या किल्ल्यावर शेवटचा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला गादी सोडावी लागली.

ते वाक्य वाचून मला राग आला, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या युद्धात अल्सास-लोरेनमधून सुमारे ३,८०,००० माणसे जर्मन सैन्यात भरती केली गेली आणि त्यातली सुमारे ५०,००० परत आली नाहीत. आणि इथे, त्यांच्याच करातून बांधलेल्या दालनात, शेकोटीवर स्वतःची सफाई. पण ती जाळी तिथे आहे म्हणूनच मला हे कळले. ती काढून टाकली असती तर दालन फक्त सुंदर राहिले असते.

ती काढली का नाही, हाच या किल्ल्याच्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. १९१९ मध्ये अल्सास पुन्हा फ्रान्सचा झाला आणि कैसरची मालमत्ता म्हणून किल्ला फ्रेंच सरकारकडे आला. शत्रूच्या सम्राटाने आपल्या जमिनीवर उभारलेला गर्वाचा स्तंभ. पाडावा? गरुड पुसावा? नावे खरवडावीत? फ्रेंचांनी तो तसाच ठेवला आणि लोकांना बघायला खुला केला. १९३७ मध्ये ज्याँ रेन्वार याने 'ला ग्रांद इल्युजियाँ' हा चित्रपट काढला, त्यात हा किल्ला जर्मनांनी फ्रेंच अधिकाऱ्यांना डांबलेला तुरुंग म्हणून दिसतो. कैसरने मनात आणलेही नसेल असे काम त्याच्या किल्ल्याला मिळाले! दुसऱ्या महायुद्धात अल्सास पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेले. १९४२ पासून तिथल्या तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात ओढले गेले. अल्सास आणि शेजारच्या मोझेलचे मिळून सुमारे १,३०,००० जण. ते स्वतःला 'मनाविरुद्ध गेलेले' म्हणत. त्याच वर्षांत कोलमारच्या संग्रहालयातले ग्रुनेवाल्डचे जगप्रसिद्ध इझेनहाइमचे वेदीचित्र सुरक्षेसाठी या किल्ल्यात ठेवले होते. १८७१ ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत त्या प्रांताचा देश चार वेळा बदलला. घर न सोडता एखाद्या आजीचे राष्ट्रीयत्व चार वेळा बदललेले असू शकते. किल्ला मात्र दर वेळी नव्या मालकाकडे तसाच्या तसा गेला.

आणि मग १९९३ मध्ये फ्रेंच सरकारने संपूर्ण किल्ल्याची, म्हणजे एबहार्टच्या कामासकट, ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली. १८६२ ची नोंद अवशेषांची होती. १९९३ ची नोंद त्या अवशेषांवर १९०८ मध्ये चढवलेल्या स्वप्नाची आहे. जीर्णोद्धार आता स्वतःच वारसा झाला. २००७ मध्ये किल्ला केंद्र सरकारकडून स्थानिक प्रशासनाकडे आला. म्हणजे इतक्या सम्राटांनंतर अखेर तो अल्सासच्या माणसांचा झाला. वर्षाला पाच लाखांच्या आसपास लोक येतात. मलेशियात तर एका रिसॉर्टमध्ये त्याची नक्कल उभी आहे. नकलेची नक्कल म्हणायची की काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. पश्चिमेचे गोल बुरूज, राहत्या भागांच्या भिंती, विहीर आणि एकूण आराखडा यांतला पुष्कळसा भाग थियरस्टाइनांच्या काळाचा, काही त्याहून जुना. छपरे, मुख्य बुरुजाचा माथा, रंगवलेली चित्रे १९०८ ची. लाकडी सामान खरोखरच जुने, पंधराव्या ते सतराव्या शतकातले, पण या किल्ल्यातले नव्हे. किल्ला सजवण्यासाठी तेव्हा एक मंडळ स्थापन झाले होते आणि त्याने ते जागोजागहून विकत आणले. गरुड खरा कैसरचा. शेकोटीवरचे वाक्यही. यातल्या कशाला खरे म्हणायचे आणि कशाला नवे, हे आपण कुठल्या सालाबद्दल विचारतो त्यावर अवलंबून आहे. चौदाव्या शतकाबद्दल हा किल्ला फार थोडे सांगतो. पंधराव्याबद्दल बरेच सांगतो. १९०८ बद्दल सांगणारा याच्याइतका चोख कागद कुठल्याही दफ्तरात सापडणार नाही.

तिथे असताना रायगड मनात येत राहिला, ते साहजिक आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडे जळाले आणि तेव्हापासून ते बिनछपराचेच आहेत. १८९५ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी शिवाजी महाराजांच्या समाधीच्या दुरुस्तीसाठी निधी उभारायला सुरुवात केली. जवळपास त्याच वर्षांत तिकडे कैसरच्या मनात त्याचा किल्ला आकार घेत होता. दोन्हीकडे जुन्या गडाला हाताशी धरून आजच्या लोकांना काहीतरी सांगायचे होते. एकाला साम्राज्य पक्के करायचे होते, दुसऱ्याला साम्राज्याशी झुंजायला माणसे उभी करायची होती. हा फरक लहान नाही. पण गड दोघांनाही लागला.

आता रायगडासह बारा किल्ले २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि राजवाडा होता तसा पुन्हा बांधा अशी मागणी अधूनमधून कानावर येते. माझे मत विचाराल तर बांधू नये. वाड्याच्या वरच्या मजल्यांचे, छपरांचे आपल्याकडे पुरेसे पुरावे नाहीत. जे उभे राहील ते १६७४ चे नसेल, ते आपल्या काळाचे असेल, आणि शंभर वर्षांनी कुणी नातवंड त्यात आपल्याच हौशी आणि आपलेच गर्व शोधत फिरेल. सहलीत सरांनी एकाला नगारखान्याच्या दाराशी उभे केले होते आणि सिंहासनाच्या जागेवरून काडी ओढली होती, आठवते? काडीचा आवाज त्याला लांबून ऐकू आला आणि आपण सगळे एकदम गप्प झालो. त्या जागी तेव्हा छप्पर नव्हते, भिंतींवर चित्रे नव्हती.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ओ-केनिग्सबूरच्या स्वयंपाकघरात माझी धाकटी नात चुलीची उंची, भांडी, धुराडे बघत पंधरा मिनिटे रमली. तिला काही समजावून सांगावे लागले नाही. रायगडावर दोन वर्षांपूर्वी तिने मला विचारले होते, "आजोबा, राजवाडा कुठे आहे?" आणि आम्ही राजवाड्यातच उभे होतो. या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. आपल्या बाई आणि सर हा लेख वाचतील, त्यांनी चाळीस-चाळीस वर्षे मुलांना रिकाम्या जोत्यांवर उभे करून वाडे दाखवले आहेत. त्यांनी ते कसे केले हे मेळाव्यात त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

कुणी तिकडे जाणार असेल तर थोडे व्यवहाराचे. किमान तीन तास हाताशी ठेवा. सेलेस्टा स्टेशनवरून गडावर जाणारी बस असते, पण वर्षभर रोज नसते, म्हणून आधी चौकशी करा. उन्हाळ्यातही वर गार वारा असतो. सेलेस्टात उतरल्यासारखे तिथले जुने ग्रंथालय बघा. नाताळच्या झाडाची १५२१ सालची लेखी नोंद याच गावातली. किल्ल्यातली विहीर ६२ मीटरच्या आसपास खोल आहे, डोंगराच्या माथ्यावर एवढे खोदायला किती वर्षे लागली असतील याचा हिशोब मी अजून करतो आहे. पश्चिमेच्या बुरुजावर शेवटी जा. हवा स्वच्छ असेल तर दूरवर आल्प्सची शिखरे दिसतात. आणि भिंतींजवळून जाताना चिऱ्यांकडे लक्ष असू द्या. खुणा लहान आहेत, सावली तिरकी पडली की नीट दिसतात.